मॅट्रिक झाल्यावर

गोदावरीच्या उजव्या तीरावर वसलेल्या जुन्या नाशकात सोळा वर्षांच्या मुलाचे भवितव्य जाणून घेण्यासाठी ज्योतिषाचे दार ठोठावण्याची गरज नव्हती. तो कोणत्या आळीत राहतो एवढे कळले म्हणजे पुरे होई. तांबट आळीतला मुलगा पाळण्यात असल्यापासून हातोड्याचा नाद ऐके आणि पुढे तोच हातोडा हाती घेई; यात्रेकरूंच्या पिढ्यानपिढ्यांच्या नोंदी असलेल्या वह्या तीर्थोपाध्यायाच्या घरी बापाकडून लेकाकडे जात आणि वह्यांबरोबर यजमानही वारशानेच मिळत; येवल्याच्या विणकराचा पोर मागावर, शेतकऱ्याचा बांधावर आणि कुलकर्ण्याचा वतनाच्या दप्तरावर बसे. 'पुढे काय?' हा प्रश्न त्या समाजात फारसा कोणी विचारीत नसे, कारण उत्तर जन्माबरोबरच हाती आलेले असे. त्या व्यवस्थेत निश्चिंती होती हे खरे. परंतु ज्याच्या वाट्याला गावकुसाबाहेरचे जिणे आणि राबणूक आली त्यालाही तेच उत्तर तितक्याच निश्चितपणे मिळत होते, हे विसरून तिचे गोडवे गाणे मला शक्य नाही.

हा प्रश्न जन्माला आला तो परीक्षेबरोबर. मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले, 1859 मध्ये त्याची पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे मॅट्रिक्युलेशन, झाली, आणि त्या पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या तरुणांत नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे 1842 मध्ये जन्मलेले महादेव गोविंद रानडे होते. त्यांचे शिक्षण मात्र कोल्हापूर आणि मुंबई येथे झाले. नाशिकच्या वाट्याला ते आले ते पुढे न्यायाधीश म्हणून. इथल्याच मुक्कामात त्यांच्या पत्नी रमाबाईंना सार्वजनिक समारंभात बोलण्याचा पहिला प्रसंग आला. ज्या काळी बहुतेक घरांत मुलीच्या बाबतीत 'पुढे काय?' याचे उत्तर 'लग्न' या एका शब्दात, तेही प्रश्न उमगण्याच्या वयाआधीच, उरकले जाई, त्या काळी एका विवाहित तरुणीने नाशकात सभेपुढे उभे राहणे ही लहान गोष्ट नव्हती.

नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला तो 1869 साली. कलेक्टर आला म्हणजे कचेरी आली, कचेरी आली म्हणजे चिटणीस, शिरस्तेदार, अव्वल कारकून, बारनिशी आणि रुमालात बांधलेल्या दप्तरांच्या राशी आल्या, आणि त्या राशी सांभाळण्यासाठी लिहिता-वाचता येणारी, इंग्रजी मजकुराची नक्कल बिनचूक उतरविणारी माणसे हवी झाली. इंग्रजी शाळेच्या पायऱ्या चढणाऱ्या मुलाच्या डोळ्यांपुढे त्यामुळे पहिले चित्र उभे राहिले ते कचेरीचे. परंतु परीक्षा दिली आणि जागा मिळाली असा तो सरळ व्यवहार नव्हता. आधी दरखास्त लिहायची, ओळखीच्या वजनदार गृहस्थामार्फत ती पोचवायची, आणि मग कित्येक महिने, क्वचित वर्षे, पगाराशिवाय कचेरीत बसून काम शिकायचे. या बिनपगारी प्रतीक्षेलाच 'उमेदवारी' म्हणत. फारसीतून आलेल्या 'उमेद' या शब्दाचा अर्थ आशा, आणि उमेदवार म्हणजे आशेवर बसलेला. आज निवडणुकीच्या मांडवात हा शब्द मोठ्या रुबाबात फिरतो, पण त्याच्या पोटात एके काळच्या कितीतरी सुशिक्षित मुलांचे रिकामे खिसे दडलेले आहेत. ज्यांना मॅट्रिकपर्यंतही पोचता आले नाही, ते मराठी सातवीची, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनलची, परीक्षा देऊन प्राथमिक शाळेत मास्तर होत, आणि खेड्यात 'फायनल झालेला' हा शब्द कित्येक दशके आदराने उच्चारला जाई.

कॉलेजात जावयाचे तर नाशिक सोडणे भाग होते. घाटाखाली मुंबई, दक्षिणेला पुणे; आणि दोन्ही ठिकाणी खर्च. हा खर्च कोठून उभा राहत असे याचे एक उदाहरण सर्वपरिचित आहे. भगूरच्या सावरकर कुटुंबाचे कर्ते दामोदरपंत 1899 मध्ये प्लेगने गेले, घराचा भार थोरल्या बाबारावांवर पडला, आणि 1901 मध्ये नाशकातून मॅट्रिक झालेल्या विनायकाला फर्ग्युसन कॉलेजात जाता आले ते जव्हार संस्थानातील सासरे भाऊराव चिपळूणकर यांनी शिक्षणाचा खर्च उचलल्यामुळे. सासऱ्याने जावयाचे शिक्षण करावे, ही त्या काळच्या मध्यमवर्गातील जणू अलिखित शिष्यवृत्तीच होती, आणि सोयरिकीच्या बोलण्यात तिचा उच्चार होई.

ज्यांना असा सासरा नव्हता ते वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात दिवसांचे सात उंबरठे. राहायला एखाद्या वाड्यातील माडीखालची खोली. या पद्धतीवर महाराष्ट्रातील विद्वत्तेचा मोठा भाग पोसला गेला आणि ती चालविणाऱ्या गृहिणींचे ऋण मोठे आहे. तथापि हे सात उंबरठे मुख्यतः ब्राह्मणाच्या मुलालाच ओलांडता येत, हेही तितकेच खरे. दिंडोरी, निफाड, सिन्नर, चांदवड, कळवण या तालुक्यांतील कुणब्या-मराठ्यांचा मुलगा, माळ्याचा, धनगराचा मुलगा हुशार निघाला, मास्तरांनी बापाची समजूत घातली, बापाने बैल विकण्याचीही तयारी दाखविली, तरी नाशकात आल्यावर तो रात्री निजणार कोठे आणि सकाळी भाकरी कोणाच्या चुलीवरची खाणार, या प्रश्नापाशी सगळे अडत असे. मॅट्रिकनंतरच्या मनसुब्यांचा इतिहास लिहिताना विद्यापीठांच्या सनदा आणि परीक्षांचे अभ्यासक्रम चाळले जातात. माझ्या मते तो प्रथम चुलीचा आणि अंथरुणाचा इतिहास आहे.

ही अडचण ज्यांनी नेमकी ओळखली, त्यांनी 1914 साली नाशिक जिल्हा मराठा विद्या प्रसारक समाजाची स्थापना केली. सत्यशोधक विचारांचे संस्कार झालेल्या, रावसाहेब थोरात आणि गणपतदादा मोरे यांच्यासारख्या या कार्यकर्त्यांनी आधी कॉलेज काढले नाही, ग्रंथालय काढले नाही. त्यांनी बोर्डिंग काढले, आणि त्याला धारच्या पवार घराण्यातील उदोजींचे नाव दिले. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी 1901 पासून वसतिगृहांची जी मालिका उभी केली होती तिचाच हा गोदाकाठचा प्रतिध्वनी होता, आणि 1920 साली या वसतिगृहाच्या इमारतीची कोनशिला बसविण्यास महाराज स्वतः नाशकात आले. पत्र्याची पेटी आणि वळकटी घेऊन, खेड्यातून बैलगाडीने किंवा पायी आलेला मुलगा जेव्हा जून महिन्यात त्या दारात उभा राही, तेव्हा त्याच्या घराण्यात 'पुढे काय?' हा प्रश्न बहुधा प्रथमच विचारला जात असे. याच संस्थेने पुढे 1969 मध्ये गंगापूर रोडवर आपले कॉलेज काढले.

त्याच्या कितीतरी आधी, गोपाळ कृष्ण गोखले यांच्या स्मरणार्थ 1918 मध्ये प्राचार्य टी. ए. कुलकर्णी यांनी स्थापन केलेल्या गोखले एज्युकेशन सोसायटीने 1924 साली नाशकात कॉलेज सुरू केले. हंसराज प्रागजी ठाकरसी यांच्या नावाने ते ओळखले जाऊ लागले आणि शहरातील एका रस्त्याला त्याने 'कॉलेज रोड' हे नाव दिले. आता आईच्या हातचे जेवून पदवीधर होता येऊ लागले. नाशकातच मॅट्रिक झालेले विष्णू वामन शिरवाडकर, म्हणजे पुढचे कुसुमाग्रज, याच कॉलेजातून बी. ए. झाले, आणि नोकरीच्या राजमार्गाकडे न वळता आधी इथल्याच एका चित्रपटसंस्थेत आणि मग वृत्तपत्रांत गेले. नाटककार वसंत कानेटकरांनी पुढे अनेक वर्षे इथेच इंग्रजी शिकविले. परंतु शिरवाडकर ज्या वर्षी कॉलेजात आले त्याच 1930 च्या मार्चमध्ये, डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला होता. तरुण शिरवाडकर त्यात सहभागी झाले. एकाच शहरात एक दार नुकतेच उघडले होते आणि दुसरे उघडावे म्हणून हजारो माणसे उन्हात बसली होती.

कॉलेजाच्या पाठोपाठ नाशिक रोडला 1925 साली सरकारी छापखाना आला, आणि तोवर लंडनहून छापून येणारी टपालाची तिकिटे 1926 पासून इथे छापली जाऊ लागली. 1928 मध्ये नोटांचा छापखानाही सुरू झाला. 'प्रेसला लागला' हे दोन शब्द तेव्हापासून नाशिकच्या बोलीत एक स्वयंपूर्ण वाक्य बनले. कचेरीतील उमेदवारीला जे जमले नाही ते प्रेसने केले: हात काळे करणाऱ्या कामालाही महिन्याच्या महिन्याला पगार, क्वार्टर्स आणि निवृत्तिवेतन असू शकते हे तिने दाखवून दिले, आणि बापामागून मुलगा त्याच दरवाजातून आत जाऊ लागला. तांबट आळी एका नव्या रूपाने नाशिक रोडला अवतरली, असे मला वाटते.

यानंतरचे बदल झपाट्याने झाले. मॅट्रिक विद्यापीठाच्या हातून सुटून 1949 मध्ये एस. एस. सी. झाली, त्याच वर्षी स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाकडे पुढे नाशिकची कॉलेजे गेली. 1964 मध्ये ओझरला विमानांचा कारखाना आला, सातपूरला औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि 'आय. टी. आय.' हा मध्यमवर्गीय घरातही सन्मानाने उच्चारण्याचा शब्द झाला. दहावीची पहिली परीक्षा 1975 मध्ये आणि बारावीची 1977 मध्ये झाली; अकरावीपर्यंत एकाच शाळेच्या सावलीत राहणाऱ्या मुलाला कला, वाणिज्य की विज्ञान हे आता दहावीलाच ठरवावे लागू लागले, आणि माझ्या मते त्या वयावर हे ओझे फार लवकर पडले.

1989 साली यशवंतराव चव्हाणांच्या नावाचे मुक्त विद्यापीठ नाशकातच सुरू झाले. परीक्षेत एकदा नापास होऊन शेतावर परतलेला, लग्न होऊन सासरी गेलेली, पाळीवर काम करणारा, अशा साऱ्यांकडे पुस्तकांचे पुडके येऊ लागले, आणि द्राक्षबागेच्या कडेला, चुलीपाशी किंवा रात्रपाळीच्या विश्रांतीत ती पुस्तके उघडली जाऊ लागली. त्यांना निजायला जागा शोधावी लागली नाही.