पेशीचे केंद्रक किती मोठे? एका मोजमापाचा इतिहास

१/७
१९०८. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुस्ताव मी यांनी सोन्याचे अतिसूक्ष्म कण मिसळलेल्या पाण्याला रंग कसे येतात, याचे गणित मांडले. गोल कण प्रकाश कसा विखुरतो, हे त्याच्या आकारमानावर अवलंबून असते. पुढे हेच गणित अन्ननलिकेतील कर्करोगपूर्व बदल शोधण्यासाठी उपयोगी पडले.

२/७
१९५० मध्ये लंडनचे शल्यविशारद नॉर्मन बॅरेट यांनी अन्ननलिकेच्या जागी जठरासारखे अस्तर असलेल्या रुग्णांविषयी लिहिले. ते वर ओढले गेलेले जठरच आहे, असे त्यांचे मत होते. १९५३ मध्ये ॲलिसन व जॉनस्टोन यांनी ती अन्ननलिकाच असल्याचे दाखवले. १९५७ मध्ये बॅरेट यांनी ते मान्य केले. विकाराला नाव मात्र त्यांचेच राहिले.

३/७
जठरातील आम्ल वर्षानुवर्षे वर येत राहिल्यास असे अस्तर तयार होऊ शकते. बहुतेकांना कर्करोग होत नाही. काहींच्या पेशी मात्र टप्प्याटप्प्याने बिघडतात. या अवस्थेला डिस्प्लेशिया म्हणतात. त्यात केंद्रके मोठी, गडद व वेडीवाकडी होतात.

४/७
पण ‘मोठे’ म्हणजे किती? १९८८ मध्ये अमेरिकेतील ब्रायन रीड व सहकाऱ्यांनी दाखवले की, सौम्य बदलांबाबत तज्ज्ञांचेही एकमत होत नाही. प्रश्न गंभीर होता, कारण त्या काळी तीव्र डिस्प्लेशियाच्या निदानानंतर अनेकदा अन्ननलिकाच काढावी लागे.

५/७
मग केंद्रकातील डीएनए मोजला जाऊ लागला. त्याचा पाया जुना होता : फॉयल्गेन यांचे १९२४ मधील रंजक आणि कॅस्परसन यांचे १९३६ मधील प्रकाशशोषणाचे मापन. २००० मध्ये रीड यांच्या गटाने तीव्र डिस्प्लेशिया नसलेल्या रुग्णांचे निष्कर्ष मांडले. डीएनएचे प्रमाण बिघडलेल्यांत पाच वर्षांतील कर्करोगाचे प्रमाण २८ टक्के होते. न बिघडलेल्यांत शून्य.

६/७
तरीही त्यासाठी ऊतकाचा तुकडा काढावाच लागे. येथे मी यांचे गणित कामी आले. १९९८ मध्ये पेरेलमन, बॅकमन, फेल्ड व सहकाऱ्यांनी परतलेल्या प्रकाशावरून केंद्रकांचे आकारमान काढण्याची रीत मांडली. नंतर ड्यूक विद्यापीठात ॲडम वॅक्स यांच्या गटाने अस्तराच्या खोल थरातील केंद्रके एन्डोस्कोपी चालू असतानाच मोजली. सुमारे १२ मायक्रॉन ही धोक्याची सीमा ठरली. काही निर्दोष जागाही मात्र संशयित ठरल्या.

७/७
अंतिम निदान आजही सूक्ष्मदर्शकाखालील काचपट्टीवरच होते. तथापि, अस्तरावरून ठरावीक अंतराने तुकडे घेताना बिघडलेली जागा निसटू शकते. नेमका कोठला तुकडा घ्यावा, हे सांगणे हेच या मोजमापाचे खरे मोल.