फितूर कोण?

परवा रात्री 'फेंग शंग' हा २००९ सालचा चिनी चित्रपट पुन्हा पाहिला. माय ज्या यांच्या २००७ च्या कादंबरीवरून काढलेला. काळ १९४२ चा. जपान्यांच्या ताब्यातल्या चीनमध्ये एका वाड्यात पाच जणांना कोंडून ठेवलंय. पाचही जण जपानधार्जिण्या सरकारचे नोकर, पण त्यांच्यात एक हेर आहे. त्याला हुडकायचंय. छळाची दृश्यं अशी, की दोनदा मान फिरवावी लागली.

रहस्य फोडत नाही. माझं डोकं अडकलं ते त्या सरकारच्या प्रमुखात, वांग जिंगवेईमध्ये. १९१० साली हाच माणूस मांचू राजवटीच्या कारभारी राजपुत्राला बाँबने उडवायच्या कटात पकडला गेला आणि वीर ठरला. पुढे सन यत-सेनच्या अगदी जवळचा. आणि १९४० साली नानजिंगमध्ये जपान्यांच्या छत्राखाली सरकार थाटलं तेही यानेच! १९४४ मध्ये नागोयात मेला. आज चीनमध्ये त्याचं नाव म्हणजे शिवी.

कादंबरीत एक गंमत आहे, ती चित्रपटात नाही. गोष्ट सांगून होते आणि मग तैवानमधली एक म्हातारी म्हणते, छे, असं नव्हतं घडलं! मग तीच हकीकत पुन्हा, तिच्या बाजूने.

वांगच्या बाबतीत तर माणूसही तोच आणि देशही तोच. मधे गेली फक्त तीस वर्षं. वाड्यातला हेर तरी शेवटी कळतो. वांग नेमका कोणत्या दिवशी फितूर झाला, हे त्याला तरी कळलं असेल का?

असो. झोप उडाली एवढं खरं.