विम्याचा परवाना आपल्या उंबऱ्यापर्यंत कसा आला

बचत गटाच्या बैठकीत हल्ली 'विमा सखी' हा शब्द ऐकू येतो. कोणी म्हणतं ती नोकरी आहे, कोणी म्हणतं एजंटाचं काम आहे. विमा विकायला मान्यता का लागते आणि ती आपल्यासारख्या बायकांपर्यंत कशी आली, ते आज सांगते.

बाजारात कांदा आपण दाबून पाहतो, साडीचा पोत हाताने बघतो. विम्यात मात्र हातात काहीच येत नाही. आज हप्ता भरायचा आणि उद्या संकट आलं तर पैसे मिळतील, हा शब्द घ्यायचा. शब्द खोटा निघाला, तर ते घरातला माणूस गेल्यावरच कळतं. म्हणून विकणाऱ्यावर कोणाची तरी नजर हवी.

आपल्याकडे ही नजर आली १९३८ च्या विमा कायद्याने. कंपन्या वाढल्या होत्या, गिऱ्हाईक ओढायला एजंट आपल्या कमिशनातला वाटा त्यालाच देत. कायद्याने ही सूट देणं गुन्हा ठरवलं आणि एजंटाला परवाना सक्तीचा केला. अज्ञान मूल, वेडसर माणूस आणि फसवणूक किंवा अफरातफर केल्याबद्दल शिक्षा झालेला माणूस यांना परवाना मिळत नसे. कायद्याच्या त्या कलमात शिक्षणाची अट नव्हती.

तरी कंपन्या बुडतच राहिल्या. १९ जानेवारी १९५६ ला अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख आकाशवाणीवर बोलले आणि आयुर्विमा सरकार ताब्यात घेत असल्याचं त्यांनी जाहीर केलं. देशमुख आपल्या रायगड जिल्ह्यातले, महाडजवळच्या नाते गावचे. १ सप्टेंबरला एलआयसी सुरू झाली, पण त्याआधीच मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडलं होतं. २४५ विमा संस्थांचा आयुर्विमा एका महामंडळात आला.

पुढे १९९९ चा कायदा झाला, खासगी कंपन्यांना पुन्हा दार उघडलं आणि विमा नियामक प्राधिकरण आलं. त्याच्या २००० सालच्या नियमांत एजंटाला १०० तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा आली. शिक्षणाची अटही आली. पाच हजार किंवा जास्त वस्तीच्या गावात राहणाऱ्याला बारावी, त्याहून लहान गावात राहणाऱ्याला दहावी. म्हणजे मिरजगावसारख्या मोठ्या गावातल्या दहावी झालेल्या बाईला जे मिळत नव्हतं, ते लहान वाडीतल्या दहावी झालेल्या बाईला मिळू शकत होतं. आणि सातवी-आठवीत शाळा सुटलेल्या बाईला दोन्हीकडे दार बंद.

ते दार २००५ मध्ये किलकिलं झालं. सूक्ष्म विम्याच्या नियमांनी बचत गटालाच विमा प्रतिनिधी होण्याची मुभा दिली. गट किमान तीन वर्षं चाललेला हवा. प्रशिक्षण २५ तासांचं, तेही स्थानिक भाषेत आणि कंपनीच्या खर्चाने. एकेका बाईच्या दाखल्यापेक्षा गटाची पत मोठी, हे या नियमाने कागदावर मान्य केलं.

२०१५ मध्ये कायदा बदलला. आता प्राधिकरण प्रत्येकीला परवाना देत नाही. परीक्षा पास झालेल्या व्यक्तीची कंपनीच नेमणूक करते आणि तिच्या वागणुकीची जबाबदारी कंपनीवर येते. जुन्या सवयीने आपण त्याला लायसनच म्हणतो.

मग ९ डिसेंबर २०२४ ला हरियाणातल्या पानिपतला एलआयसीची विमा सखी योजना सुरू झाली. वय १८ ते ७०, शिक्षण दहावी. पहिल्या वर्षी महिना ७,००० रुपये, दुसऱ्या वर्षी ६,०००, तिसऱ्या वर्षी ५,०००. पण हा पगार नाही, विद्यावेतन आहे. त्याला पॉलिसी विकण्याची अट आहे, आणि पुढच्या वर्षाचं विद्यावेतन हवं तर आधीच्या वर्षीच्या ठरावीक पॉलिसी चालू राहायला हव्यात.

खरी कसोटी इथेच आहे. अट पुरी करायला नणंदेला, जावेला, गटातल्या मैत्रिणीला झेपणार नाही असा हप्ता गळ्यात घातला, तर तो दोन वर्षांत थकेल. पॉलिसी बंद पडली की तिने भरलेले पैसे बहुतेक बुडतात आणि आपल्यावरचा तिचा विश्वासही जातो. १९३८ मध्ये ज्या चढाओढीवर लगाम घातला, ती आता आपल्याच गल्लीत यायला नको.

म्हणून विकणारीने आधी विचारावं, वर्षातून कोणत्या महिन्यात तुझ्या हातात पैसा असतो? त्यावरून हप्ता ठरवावा. घेणारीने कंपनीचं ओळखपत्र मागावं, तिथे नात्याचा संकोच नको. रोख दिली तर कंपनीची पावती घ्यावी. वहीतली नोंद म्हणजे पावती नव्हे. वारसाचं नाव स्वतः वाचून घ्यावं. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती नको म्हणून परत करता येते. कंपनी दाद देत नसेल, तर १५५२५५ हा प्राधिकरणाचा तक्रारीचा क्रमांक आहे.

पूर्वी परवाना नाकारताना शिक्षणाचा दाखला पाहत. आता दहावीवर दार उघडलंय, गटालाही वाट आहे. आत गेलेल्या बाईला गावात सगळे ओळखतात, आणि दावा मंजूर होण्याच्या दिवशी तिला त्याच घरात जावं लागतं. त्या दिवशी मान वर ठेवून जाता येईल, एवढाच विमा विकावा.