उंदरांची हाक आणि स्वमग्नतेची जनुके

उंदराचे नवजात पिल्लू आईपासून दुरावले की हाका मारू लागते. माणसाला त्या ऐकू येत नाहीत. मानवी कानाची मर्यादा सुमारे २० हजार हर्ट्झ आहे; पिल्लाची हाक त्यापलीकडची, म्हणजे श्राव्यातीत असते. मादी मात्र त्या हाकेच्या रोखाने जाऊन पिल्लू घरट्यात परत आणते. मेंदूच्या विकासाशी निगडित जनुकांत बिघाड झाला, तर हा संवाद कसा बदलतो, याचा शास्त्रज्ञ अभ्यास करीत आहेत.

२००३ मध्ये स्वीडनमधील दोन कुटुंबांतील स्वमग्न भावंडांत न्यूरोलिजिन-३ आणि न्यूरोलिजिन-४ या जनुकांतील उत्परिवर्तने आढळली. चेतापेशींना परस्परांशी जोडणाऱ्या सांध्यांतील प्रथिने या जनुकांमुळे तयार होतात. न्यूरोलिजिन-४ नसलेल्या उंदरांचा इतर उंदरांशी संपर्क कमी होतो आणि त्यांचे श्राव्यातीत आवाजही घटतात, असे २००८ मध्ये दिसून आले.

स्वमग्नतेशी संबंधित ‘सीएनटीएनएपी२’ हे जनुक निष्क्रिय केलेल्या उंदरांवरील संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांची पिल्ले कमी हाका मारीत. मोठे उंदीर एकमेकांत कमी मिसळत आणि स्वतःचे अंग सतत साफ करीत राहत. रिस्पेरिडोन या औषधाने त्यांची अतिचंचलता व पुनरावृत्त वर्तन कमी झाले, परंतु सामाजिक वर्तन सुधारले नाही. एकाच जनुकातील बिघाडामुळे उद्भवणारी सर्व लक्षणे एकाच उपायाने दूर होत नाहीत, हे त्यातून स्पष्ट झाले. २०१५ मध्ये अशाच उंदरांना ऑक्सिटोसिन दिल्यावर सामाजिक वर्तनात सुधारणा आढळली.

‘शँक३’ या जनुकाच्या अभ्यासातून काळाचे महत्त्व पुढे आले. २०१६ मधील प्रयोगात प्रौढ उंदरांत हे जनुक पुन्हा कार्यान्वित करताच त्यांचे सामाजिक वर्तन सुधारले. चिंताग्रस्तता आणि हालचालींतील दोष मात्र कायम राहिले.

या निष्कर्षांना मर्यादा आहेत. उंदरांच्या हाका बहुतांशी उपजत असतात. मानवी भाषा ऐकून आत्मसात करावी लागते. शिवाय, बहुतेक व्यक्तींमध्ये स्वमग्नतेमागे एकच जनुक नसते. त्यामुळे उंदरांत गुणकारी ठरलेला उपाय मुलांसाठी उपचार मानता येत नाही. त्यासाठी माणसांवरील स्वतंत्र चाचण्या आवश्यक असतात. कोणते जनुक कोणत्या वर्तनाला आधार देते आणि कोणता दोष प्रौढ वयातही दुरुस्त होऊ शकतो, याचा शोध घेण्यास मात्र हे प्रयोग उपयुक्त ठरले आहेत.