यवनाचा भोजनमंडप

गेल्या दिवाळीत माझा अमेरिकेतला भाचा सहकुटुंब आमच्या घोडेगावी आला होता. फराळाचे ताट पुढे असताना त्याच्या दहा वर्षांच्या मुलीने मला विचारले, "आजोबा, शाळेच्या फॉर्मवर आपला वंश विचारतात. आपण कोण?" तिच्या बापाने एका चौकटीत खूण करून तो प्रश्न केव्हाच मिटवला होता. तिच्या आजीने तत्परतेने गोत्र सांगितले. त्याने तर पोर अधिकच गोंधळली.

मलाही उत्तर देता येईना. पण ज्या देशाचा तो फॉर्म, त्या देशाला तरी ते कुठे साधले आहे? तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली भगतसिंग थिंड या शीख गृहस्थास, कायद्याच्या दृष्टीने तो 'गोरा' नव्हे, म्हणून नागरिकत्व नाकारले. १९३० व १९४० च्या तिथल्या शिरगणतीत हिंदुस्थानी माणसाचा वंश 'हिंदू' असा मांडला. मग तो शीख असो की मुसलमान! १९७० साली तोच माणूस गोऱ्यांत जमा झाला आणि १९८० साली त्याच्यासाठी 'एशियन इंडियन' अशी निराळी चौकट निघाली. पन्नास वर्षांत एकाच माणसाचे तीन वंश झाले, आणि कातडी होती तशीच राहिली.

आपल्याकडचा कारभार याहून शहाणपणाचा होता असे मात्र समजू नये. १९०१ च्या खानेसुमारीचे प्रमुख रिस्ले साहेब यांनी नाके आणि डोकी मोजून आम्हा मराठी लोकांस 'सिथो-द्रविड' ठरविले. म्हणजे थोडे शक, थोडे द्रविड. पुढे १९३० च्या सुमारास इरावतीबाई कर्वे बर्लिनला गेल्या. तेथे त्यांचे गुरू ऑइगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे मोठे पुरस्कर्ते. बाईंनी कवट्या मोजल्या, गुरूला हवा असलेला संबंध त्यांत सापडला नाही, आणि बाईंनी तसे लिहूनही दिले!

दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन मी जुन्नरला गेलो. शिवनेरी म्हटले की आपली पावले शिवजन्मस्थानाकडे वळतात, ते योग्यच; पण याच डोंगराच्या कड्यांत बौद्ध लेणी आहेत. नाणेघाटातून कोकणातली बंदरे आणि घाटमाथा यांची ये-जा चाले, व्यापारी जुन्नरास उतरत आणि पुण्य म्हणून लेणी कोरवून देत. लेण्याद्रीचे चैत्यगृह देणारा सुलसदत्त आपले गाव कल्याण असे सांगतो. आणि शिवनेरीवर चिट नावाचा एक यवन भिक्षूंच्या संघास भोजनमंडप दिल्याचे लिहून ठेवतो. जुन्नरच्याच लेण्यांत इरिल नावाच्या दुसऱ्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली आहेत. तिसरा यवन चंद, तो मानमोडीवर. या चंदाचे नाव तर आपल्याच आळीतले वाटते! चिट आणि इरिल यांच्या नावांपुढे 'गत' असा शब्द येतो. त्यावरून हे युरोपातले गॉथ असावेत, असाही तर्क एका पंडिताने लढविला आहे.

मला त्या तर्कापेक्षा निराळ्याच गोष्टीचे नवल वाटते. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी, धर्म बुद्धाचा. एवढे सगळे पत्करूनही या माणसांनी 'यवन' हा शब्द टाकला नाही. तो त्यांना लाजेचा वाटला नसावा. आता शेजारच्या नाशिकला जा. तेथे गौतमी बलश्री ही राजमाता आपल्या पुत्राचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, गुणगान करते: त्याने शक, यवन, पल्हव यांचा नाश केला आणि चार वर्णांचा संकर थांबविला. त्याच नाशिकच्या दुसऱ्या लेण्यात स्वतःस शक म्हणविणारा उषवदात ब्राह्मणांना तीन लाख गाई दिल्याचे सांगतो. आणि कान्हेरीचा लेख वाचला तर त्याच सातवाहन घराण्यातल्या वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी शक महाक्षत्रपाची मुलगी! संकर थांबविण्याची ग्वाही एका दगडावर, सोयरीक दुसऱ्या दगडावर.

याच जुन्नरात पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पावसाळाभर अडकला होता. चौलला उतरल्यापासून गोरा माणूस पाहायला लोक त्याच्या मागे लागत. येथल्या सरदाराने त्याचा घोडा हिसकावला आणि बजावले की, मुसलमान हो, म्हणजे घोडाही मिळेल व हजार मोहराही. नाहीतर दोन्ही गमावशील. एका खुरासानी भल्या माणसाने रदबदली केली म्हणून तो सुटला. पुढे हिंदुस्थानात तो 'खोजा युसुफ खुरासानी' या नावाने वावरला आणि मनातून ख्रिस्तीच राहिला. चिटाने जे दगडावर कोरले, ते याला गुपचूप वहीत लिहावे लागले.

मलिक अंबराची गोष्ट मुलीला फार आवडली. हबसाणातला मुलगा, गुलाम म्हणून हातोहात विकला गेला, नावही मालकांनी दिलेले. तो निजामशाहीचा कर्ता झाला आणि १६०७ च्या सुमारास काही काळ जुन्नरलाच राजधानी होती. जहांगीर त्याला रणात हटवू शकेना, तेव्हा त्याच्या आत्मचरित्रात अंबराच्या काळेपणावर शिव्या आल्या, आणि चित्रकाराकडून अंबराच्या भाल्यावरील मुंडक्यास बाण मारतानाचे स्वतःचे चित्र त्याने काढवून घेतले. अंबर १६२६ पर्यंत जगला. तो मेल्यावर मुघलांच्याच बखरकाराने, गुलामातून एवढा चढलेला हबशी दुसरा नाही, अशी कबुली दिली.

दुपारी हापूसबागेत बसलो. नाव आंब्यावरून पडले असेल असे मुलीला वाटले. हबशी बागेचे हापूसबाग झाले असे लोक सांगतात, म्हटल्यावर ती खूप हसली. मग मी तिला आमच्या तालुक्याचे सांगितले. ज्या आंबेगावावरून तालुक्याचे नाव, ते मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले; कचेरी घोडेगावात, तरी कागदोपत्री आम्ही आंबेगावचेच.

चकली खाता खाता तिने वहीत चिट, इरिल, चंद अशी नावे लिहिली. खाली स्वतःचे नाव लिहून त्यापुढे लिहिले, 'घोडेगावची'. तिचा बाप म्हणाला, "अगं, तुझा जन्म न्यू जर्सीचा." तिने तेही त्याच्या शेजारी लिहिले, आणि डबा माझ्याकडे सरकवला.