आजोबांचे आजारपण आणि कुटुंबाचे छायाचित्र

शकुन बत्रा दिग्दर्शित 'कपूर अँड सन्स' (२०१६) या हिंदी चित्रपटातील नव्वदीला पोचलेले आजोबा अमरजीत कपूर मरणाचा सराव करतात. खोटेच निपचित पडायचे, घरच्यांची धांदल पाहायची आणि मग डोळे उघडायचे, हा त्यांचा आवडता खेळ. पुढे खरोखरीचा हृदयविकाराचा झटका येतो आणि लंडन व अमेरिका येथे पांगलेले दोन नातू कुन्नूरच्या घरी परततात. आजोबांची इच्छा एकच आहे : सगळ्या कुटुंबाचे एक छायाचित्र. वाटणी, नातवाचे लग्न, कुलाचार यांपैकी कशाचीही मागणी ते करीत नाहीत. ही मागणी वरवर क्षुल्लक वाटते. परंतु आजारी वडीलधाऱ्याभोवती गोळा होणाऱ्या कुटुंबाचे जे कथारूप आपल्या नाटक-चित्रपटांत रूढ झाले आहे, त्याच्या इतिहासात ती एका मोठ्या स्थित्यंतराची खूण आहे.

या कथारूपाचा एक आरंभबिंदू कपूर घराण्यातच सापडतो. रणधीर कपूर यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट 'कल आज और कल' (१९७१). त्यात पृथ्वीराज, राज आणि रणधीर या तीन पिढ्या पडद्यावरही आजोबा, पिता आणि नातू म्हणून उभ्या राहिल्या. पडद्यावरील घराचे आडनावही कपूरच होते. तेथील संघर्ष आजोबांनी मित्राला दिलेल्या शब्दातून उद्भवतो : नातवाचे लग्न त्या मित्राच्या नातीशी व्हायचे आहे, आणि नातवाचे मन दुसरीकडे जडले आहे. मधल्या पिढीचा पिता दोहोंकडून ओढला जातो. तो शब्द पाळायचा की मोडायचा, असा पेच पडतो, कारण शब्दाला अजून वजन आहे. पुढच्याच वर्षी आलेल्या हृषीकेश मुखर्जींच्या 'बावर्ची'त (१९७२) आजोबांच्या हाती शब्द उरलेला नाही, दागिन्यांची पेटी उरली आहे. 'शांतिनिवास' नामक अशांत घर सावरायला बाहेरून एक स्वयंपाकी यावा लागतो. हा चित्रपट तपन सिन्हांच्या 'गल्प होलेओ सत्यि' (१९६६) या बंगाली चित्रपटावर आधारलेला. त्यातील विनोद औषधासारखा आहे. घरातली माणसे हसू लागली की घर बरे होते, ही श्रद्धा त्या काळाला परवडत होती.

सत्यजित राय यांच्या 'शाखा प्रशाखा'त (१९९०) ही श्रद्धा दिसत नाही. सत्तराव्या वाढदिवशी आनंदमोहन मजुमदारांना हृदयविकाराचा झटका येतो आणि बाहेरगावी असलेले मुलगे धावत येतात. प्रामाणिकपणाचा आदर्श म्हणून ज्याच्याकडे पाहिले जाते त्या पित्याला मुलांचे काळे व्यवहार ठाऊक नाहीत. लहानगा नातू निरागसपणे 'दोन नंबर'च्या पैशाचा उल्लेख करतो, तेव्हा त्याच्या अज्ञानाचा आधार निखळतो. येथे कुटुंबाने वडीलधाऱ्यापासून सत्य दडवले आहे आणि ते त्याला कळणे हीच शोकांतिका आहे. बत्रांच्या चित्रपटाशी तुलना करताना हा मुद्दा ध्यानात ठेवावा लागतो.

मराठीत याच सुमारास महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'ने (१९८५) हे कथारूप मृत्यूच्या पलीकडे नेले. धरणगावच्या देशपांड्यांचे कुटुंब जमते ते तात्याजी गेल्यावर. तेराव्याचा खर्च कोणी करायचा, गावजेवण घालायचे की नाही, त्यासाठी जमीन विकायची का, या प्रश्नांभोवती थोरला भास्कर आणि मुंबईहून आलेला सुधीर यांचे नाते उसवत जाते. मृत पुरुषाची सत्ता त्याच्या पश्चात प्रतिष्ठेच्या रूपाने खर्च मागत राहते. वऱ्हाडातील जमीनदारी ओसरत असताना घडणारे हे नाटक आहे आणि त्यातील विनोदालाही ओसाडीचा वास आहे.

'कपूर अँड सन्स'ला पूर्ण शीर्षकात 'सिन्स १९२१' अशी जोड आहे. एखाद्या जुन्या पेढीच्या पाटीची ही भाषा. गंमत अशी की पाटी आहे, पण पेढी कुठेच नाही. मुलगा हर्ष धंद्यात अपयशी ठरला आहे आणि घरातील वाद मोडलेल्या मुदत ठेवीवरून होतात. वारसाहक्काने मिळण्याजोगे जे काही या घरात आहे ते एका हस्तलिखितात आहे, आणि चित्रपटाचे खरे मर्म येथे आहे. दोन्ही नातू लेखक. थोरला राहुल यशस्वी, धाकटा अर्जुन अयशस्वी. राहुलचे लेखन अडले असताना आई सुनीता अर्जुनची लिहिलेली कथा राहुलच्या हाती देते आणि तिच्यातून राहुलची गाजलेली कादंबरी उभी राहते. जमीन, वाडा, दागिने यांची वाटणी मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाची आहे. येथे वाटणी होते ती कथेची, आणि ती करते आई. पेढीच्या नावात केवळ 'सन्स' आहेत, सुनेला जागा नाही. ज्या स्त्रीला या पाटीवर स्थान नाही, तीच एका मुलाची मिळकत दुसऱ्याला देऊन टाकते. आपल्या हातून अन्याय झाला हे तिला कळते. पण दोन्ही मुले आपलीच असताना एकाचे दुसऱ्याला दिले तर ते कुठे गेले, हा तिचा हिशेबही एकत्र कुटुंबाच्या जुन्या न्यायाला धरूनच आहे. रत्ना पाठक शहा यांनी ही भूमिका कोठेही खलनायिकेकडे झुकू दिलेली नाही.

राहुलचे गुपित वेगळे आहे. तो समलिंगी आहे आणि घरात कोणालाही ते ठाऊक नाही. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ पुन्हा वैध ठरवले होते आणि सप्टेंबर २०१८ मध्ये प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळले. चित्रपट या दोन निकालांच्या मधल्या काळातला आहे. हिंदी चित्रपटात अशी व्यक्तिरेखा बहुधा हशा पिकवण्यासाठी योजिली जात असे. येथे भरपूर विनोद असूनही राहुलच्या वाट्याला थट्टा येत नाही, ही लक्षणीय गोष्ट आहे.

या चित्रपटातील विनोद 'बावर्ची'तल्या औषधासारखा नाही. पाण्याची नळी फुटते, दुरुस्तीसाठी माणूस येतो आणि त्याच्यादेखत सगळे एकाच वेळी बोलू लागतात. कोणाचेही वाक्य पुरे होत नाही. प्रेक्षक हसतो आणि त्याच वेळी घरातील जुन्या ठसठशी एकेक करून उघड्या पडतात. वडीलधाऱ्याचे दुखणे निघाले की घरात दबक्या आवाजात बोलायचे, हा संकेत आजोबांनी स्वतःच मोडलेला आहे. 'राम तेरी गंगा मैली'तील (१९८५) मंदाकिनीवर लट्टू असणारे हे आजोबा पूज्य राहायला तयार नाहीत. तो चित्रपट राज कपूर यांचा आणि त्याचा नायक राजीव कपूर. वडिलांच्या चित्रपटातील, भावाच्या नायिकेवर भाळलेला म्हातारा रंगवताना ऋषी कपूर वयाच्या त्रेसष्टीत होते. पंचेचाळीस वर्षांपूर्वी त्यांच्याच आजोबांनी पडद्यावर शब्दासाठी घर पणाला लावले होते.

छायाचित्र काढण्याचा क्षण येतो तेव्हाच सगळी गुपिते फुटतात. हर्षचे दुसऱ्या स्त्रीशी असलेले संबंध, राहुलचे खाजगी जीवन, हस्तलिखिताची चोरी. चित्र निघत नाही. संतापून बाहेर पडलेल्या हर्षचा मोटार अपघातात मृत्यू होतो. रायच्या चित्रपटात सत्य वृद्धाच्या वर्मी लागते. येथे वृद्ध टिकतो आणि मधली पिढी जाते. ज्याच्यासाठी सारे जमले होते तो जिवंत, आणि ज्याच्याकडे कोणी धड पाहिले नाही तो गेला. मरणाचा क्रम असा उलटल्यावर आजोबांचा जुना खेळ आठवून अंगावर काटा येतो. प्रेमकथेचा भाग मात्र या रचनेत ओढूनताणून बसवलेला वाटतो. टिया नसती तरी फारसे बिघडले नसते.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राजेश मापुसकर यांचा 'व्हेंटिलेटर' हा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला आणि दिग्दर्शनाच्या राष्ट्रीय पुरस्काराचा मानकरी ठरला. गजानन कामेरकर कृत्रिम श्वासावर आहेत आणि गणपती तोंडावर आले आहेत. काका गेले तर सुतक, आणि सुतक आले तर घरचा गणपती अडणार. इस्पितळाबाहेर जमलेल्या गोतावळ्याची ही चिंता हास्यास्पद आहे खरी, पण खोटी नाही. ज्या घरांत वर्षाचा हिशेब गणपतीपासून गणपतीपर्यंत चालतो, तेथे मरणालाही तिथी पाहावी लागते. मापुसकरांच्या चित्रपटात कुलाचार शिल्लक आहे, म्हणून त्यातील आजारी माणसाला काही मागावे लागत नाही. यंत्र काढायचे की ठेवायचे, हे नातेवाइकांनी ठरवायचे आहे. कुन्नूरच्या कपुरांकडे असे पंचांग नाही. तेथे कुटुंबाला एकत्र आणणारी तिथी आजोबांना स्वतः निर्माण करावी लागते, आणि ती ते छायाचित्राच्या रूपाने करतात.

काही महिन्यांनी आजोबांच्या निरोपावरून नातू परत येतात आणि छायाचित्र अखेर निघते. हर्षच्या जागी त्याची पुठ्ठ्याची पूर्णाकृती प्रतिमा उभी केलेली असते. कोणी कोणाला पुरते क्षमा केलेली नाही, हस्तलिखिताची भरपाईही झालेली नाही. सगळे कॅमेऱ्याकडे पाहतात. त्यांच्यात पुठ्ठ्याचा हर्षही असतो.