जत्रेतले लेकरू

श्रोतेहो, लहान मूल कडेवर घेऊन जे कोणी मत्स्योदरी देवीच्या यात्रेत टेकडी चढले असतील, त्यांना मी आज काय सांगणार ते निम्मे ठाऊकच आहे. अंबडची ही टेकडी माशाच्या आकाराची, म्हणून देवी मत्स्योदरी. गावाच्या नावाशी अंबऋषी राजाची कथा जोडलेली आहे, आणि देवळाच्या बांधकामाशी अहिल्याबाई होळकरांचे नाव. तो इतिहास आपले गुरुजी वर्गात सांगतातच. मला आज दुसरा एक इतिहास सांगायचा आहे. तो पुस्तकात फारसा येत नाही. करमणुकीच्या मोठ्या जागी नेलेल्या लहान मुलाचा तो इतिहास. मूल म्हणजे दोन-तीन वर्षांचे, फार तर पाच-सहा वर्षांचे.

जत्रा, मेळा, बाग आणि अलीकडे ज्याला थीम पार्क म्हणतात तो प्रकार, या सगळ्या जागा मुलांसाठीच असतात अशी आपली समजूत. पण मागे वळून पाहिले तर तसे दिसत नाही. या जागा निघाल्या मोठ्यांसाठी. लेकरू मागाहून, आईच्या पदराला धरून तिथे आले, आणि त्याच्यासाठी म्हणून काही करायला हवे, हे लक्षात यायला पुष्कळ काळ जावा लागला.

आपल्या जत्रेपासूनच सुरुवात करू. अंबडला रेल्वे कधी आली नाही. १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातून मनमाडकडे जाणारी गाडी जालन्यावरून धावू लागली, पण अंबडचा माणूस पुढेही कितीतरी वर्षे बैलगाडीनेच फिरला. नवरात्रातल्या यात्रेला खेड्यापाड्यांतून गाड्या यायच्या. गाडीत खाली कडबा, त्यावर गोधडी, वर सावलीला चादर बांधलेली, आणि त्या चादरीखाली चार-पाच पोरे आणि एक आजी. मूल थकले की ते आजीच्या मांडीवर निजत असे, आणि बाकीची मंडळी देवीला जाऊन येत. एवढी साधी सोय! पण बघा, तिच्यात तीन गोष्टी आपोआप साधत होत्या. मुलाला सावली होती, निजायला जागा होती, आणि जवळ एक ओळखीचे माणूस असे, ज्याला कुठेच जायची घाई नसे. या तिन्ही गोष्टी पुढे परदेशात लाखो रुपये खर्चून उभ्या कराव्या लागल्या, ते मी पुढे सांगणारच आहे.

जुने ते सगळेच सोने होते, असे मात्र कुणी समजू नये. जत्रेतले पाणी हा मोठा घात होता. एकाच आडावर, एकाच बारवेवर हजारो माणसे. त्यात कुणाला पटकी झालेली असली की जत्रा पांगताना ती रोगही गावोगाव घेऊन जाई. १८८४ साली कलकत्त्याला रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टराने तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू दाखवून दिले. १८९३ साली हाफकिन हे शास्त्रज्ञ हिंदुस्थानात आले आणि त्यांनी पटकीची लस टोचायला सुरुवात केली. मुंबईची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. पटकीत मोठा माणूस तग धरील, पण दोन वर्षांच्या मुलाच्या अंगातले पाणी काही तासांत आटते. म्हणूनच, ‘तान्ह्याला जत्रेला नेऊ नये’ असे म्हाताऱ्या बायका म्हणत. त्या दृष्ट लागण्याचे कारण सांगत. कारण चुकीचे असेल, सल्ला मात्र अगदी बरोबर होता.

आता जत्रेतल्या मौजेकडे वळू. मूल कितीही लहान असो, त्याला सगळ्यांत आधी दिसतो तो रहाटपाळणा. पूर्वीचा पाळणा लाकडी, चार पेट्यांचा. इंजिन नाही, की काही नाही. दोन माणसे हाताने तो फिरवायची. पाळणा वर गेला की मूल आधी हसायचे आणि खाली येताना रडायचे. हा पाळणा किती जुना असेल? पीटर मंडी नावाचा एक इंग्रज प्रवासी १६२० साली तुर्कांच्या राज्यातून जात होता. आज बल्गेरियात असलेल्या प्लोवदिव गावी त्याने सणाच्या दिवशी मुलांना बसवून फिरवणारी लाकडी चाके पाहिली आणि आपल्या वहीत त्यांचे वर्णन लिहून ठेवले. हाच मंडी पुढे सुरतेला उतरला आणि आग्र्यापर्यंत गेला. गुजरातेतला १६३० चा भयंकर दुष्काळही त्याने डोळ्यांनी पाहिला. म्हणजे आपल्या अंबडच्या पाळण्याला निदान चारशे वर्षांचे भाऊबंद आहेत, असे म्हणायला हरकत नाही.

या पाळण्याचे सोंग अमेरिकेत एकदम मोठे झाले. १८९३ साली शिकागोला जागतिक प्रदर्शन भरले होते. त्याच वेळी तिथल्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, हे आपण सगळे जाणतो. त्याच प्रदर्शनात फेरीस नावाच्या इंजिनिअराने २६४ फूट उंचीचा पोलादी पाळणा उभा केला. त्याला छत्तीस डबे, एकेका डब्यात साठ माणसांची सोय. एका वेळी दोन हजारांवर माणसे आकाशात! हे खेळणे मोठ्यांचे होते. तिकीटही त्या काळच्या मानाने महाग, पन्नास सेंट. तिथून पुढे करमणुकीच्या जागांत चढाओढ लागली ती उंचीची आणि वेगाची. या चढाओढीत लहान मूल खालीच उभे राहिले, बापाचा हात धरून, वर बघत.

हा क्रम बदलला तो एका बापानेच. वॉल्ट डिस्ने हे नाव आपल्या मुलांना मिकी उंदरामुळे माहीत आहे. त्यांना दोन मुली. सुट्टीच्या दिवशी ते त्यांना लॉस एंजेलिसच्या एका बागेत गोल फिरणाऱ्या घोड्यांवर बसवायला नेत. मुली फिरत, आणि बाप बाकावर बसून शेंगदाणे खात वाट बघे. त्यांनी पुढे अनेकदा सांगितले की, आईबापांना आणि मुलांना एकत्र मौज करता येईल अशी जागा असावी, हा विचार मला त्या बाकावर सुचला. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले. पहिला दिवस कसा गेला, ते ऐकण्यासारखे आहे. बोलावलेल्या माणसांपेक्षा कितीतरी अधिक माणसे खोटी तिकिटे घेऊन आत शिरली. उन्हाचा कहर झाला. नुकत्याच घातलेल्या डांबराच्या रस्त्यात बायकांच्या टाचा रुतू लागल्या. नळकाम करणाऱ्या कामगारांचा संप झाला होता, त्यामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ आणि संडास यांपैकी एकच काहीतरी वेळेवर पुरे होणार होते. मालकांनी संडास निवडले! पाण्यावाचून मुले-माणसे तळमळली. पैसा आणि कल्पकता यांची काही उणीव नव्हती, पण आपल्या बैलगाडीतल्या आजीजवळ पाण्याची घागर होती आणि तिथे ती नव्हती, एवढाच फरक.

पुढे त्यांनी सुधारणा केल्या, हे सांगितले पाहिजे. तान्ह्याला पाजायला आणि त्याचे कपडे बदलायला वेगळी शांत जागा केली. चुकलेल्या मुलांना सांभाळून बसवण्याची सोय केली. म्हणजे आजीची मांडी पगारी माणसे ठेवून उभारली, म्हणा ना. मला यात थट्टा करायची नाही. जिथे आजी बरोबर येत नाही, तिथे हे असायलाच हवे.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. डिस्नेलँडच्या आधीच, १९५२ साली, मुंबईला मलबार टेकडीवर कमला नेहरू पार्क झाले. तिथला ‘म्हातारीचा बूट’ पाहिला नाही असा मुंबईकर विरळा. बुटात चढायचे आणि वरून समुद्र बघायचा, एवढाच खेळ. पण तो तीन वर्षांच्या मुलाच्या पायांना झेपणारा आहे. पुण्याला १९५३ साली पेशवे पार्क निघाले आणि ८ एप्रिल १९५६ रोजी तिथे ‘फुलराणी’ ही चिमुकली आगगाडी सुरू झाली. माझ्या मते आपल्याकडच्या बालकरमणुकीच्या इतिहासात फुलराणीचा मान फार मोठा आहे. तिचा वेग बेताचा, डबे बुटके. ती पडेल कशी आणि पाडील कशी? आगगाडी कधी न पाहिलेल्या खेड्यातल्या मुलानेही तिच्यात बसून शिटी ऐकली. लहान मुलाला काय हवे असते, हे ती गाडी आखणाऱ्यांना नेमके कळले होते. वेग त्याला नको असतो. आपण चाललो आहोत, आणि आई शेजारी आहे, हे त्याला पुरे असते.

मराठवाड्याच्या वाट्याला ही मौज आली ती पैठणला. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडी धरणाची कोनशिला बसवली, आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. धरणाच्या पायथ्याशी म्हैसूरच्या वृंदावन बागेच्या धर्तीवर संत ज्ञानेश्वर उद्यान उभे राहिले, सुमारे तीनशे एकरांचे. अंबडहून पाचोडमार्गे पैठण पन्नास-साठ किलोमीटर. त्यामुळे आपल्या भागातल्या कितीतरी शाळांची पहिली सहल म्हणजे पैठण: सकाळी नाथांची समाधी, दुपारी धरणाची भिंत, संध्याकाळी बागेतले रंगीत कारंजे. दुष्काळी मुलखातल्या लेकराला एवढे पाणी एका ठिकाणी पाहायला मिळणे, हीच केवढी करमणूक! २००६ च्या गोदावरीच्या पुराने या बागेची फार हानी झाली, ही दुःखाची गोष्ट.

त्यानंतरचा काळ मोठ्या उद्यानांचा. मुंबईजवळ गोराईला १९८९ साली एस्सेल वर्ल्ड निघाले आणि २०२२ साली बंद झाले. खोपोलीजवळ २०१३ पासून इमॅजिका आहे. आता आपल्या तालुक्यातूनही शाळांच्या बसेस रात्रभर प्रवास करून अशा ठिकाणी जातात. तिथे खेळण्याच्या दाराशी एक पट्टी उभी केलेली असते. मुलाची उंची त्या पट्टीपर्यंत पोचली तरच आत सोडतात. गावाकडचा बाप तिथे वाद घालतो, “अहो, पोरगं सहा वर्षांचं आहे, भीत नाही!” पण पट्टी वय विचारत नाही आणि धीरही विचारत नाही. खेळण्यातला दांडा माणसाला मांडीपाशी धरून ठेवतो. मूल लहान असले की दांडा आणि मांडी यांत फट राहते आणि झटका बसला की मूल त्यातून निसटू शकते. शिवाय मोठ्या माणसाचे डोके त्याच्या उंचीच्या आठव्या हिश्शाइतके असते, तर जन्मलेल्या बाळाचे चौथ्या हिश्शाइतके. दोन-तीन वर्षांच्या मुलाचे डोकेही अंगाच्या मानाने जड आणि मान कोवळीच असते. एवढे समजले की पट्टीजवळ भांडायचे कारण उरत नाही.

ही झाली यंत्राची बाजू. गर्दीची बाजू त्याहून कठीण. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यात मांढरदेवच्या काळूबाईच्या यात्रेत टेकडीवरच्या अरुंद वाटेवर, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर माणसे घसरली, चेंगराचेंगरी झाली, दुकानांना आगी लागल्या. जवळजवळ तीनशे माणसे गेली. त्यांत बायका आणि मुले किती तरी. बंदिस्त जागाही सुरक्षितच असते असे नाही: २५ मे २०२४ रोजी राजकोटला मुलांच्या खेळांच्या एका जागेला आग लागून पंचवीसहून अधिक माणसे दगावली, त्यांतही मुले होती. टेकडीवरच्या देवळात काय किंवा पत्र्याच्या शेडमध्ये काय, आत जातानाच बाहेर पडायची वाट कुठे आहे ते पाहून ठेवावे. मूल असेल तर खांद्यावर घ्यावे, हात धरून चालवू नये. गर्दीत मोठ्या माणसाच्या गुडघ्याशी हवा नसते.

आणि मूल चुकलेच तर? प्रयागच्या माघमेळ्यात १९४६ साली राजाराम तिवारी नावाच्या तरुणाने चुकलेल्यांना घरच्यांशी गाठ घालून देण्याचे काम सुरू केले. पुढे सत्तर वर्षे त्यांनी ते केले. ‘भूले भटके शिबिर’ म्हणून ते प्रसिद्ध आहे. म्हाताऱ्या माणसांची नावे ध्वनिक्षेपकावरून पुकारता येतात, पण तीन वर्षांच्या मुलाचे काय पुकारायचे? शिक्षकबंधू आणि भगिनींनो, हे काम आपल्या अंगणवाडीत आणि पहिलीच्या वर्गात होण्यासारखे आहे. आईचे नाव काय, असे विचारले तर मूल म्हणते, “आई.” बापाचे नाव विचारले तर म्हणते, “दादा” किंवा “बाबा.” गाव कोणते, तर, “आमचं.” सहलीच्या आधी आठवडाभर रोज सकाळी हे तीन प्रश्न विचारावेत, आणि उत्तरात आईचे पूर्ण नाव, बापाचे नाव आणि ‘अंबड’ हे तीन शब्द येईपर्यंत विचारीत राहावे. ज्याला बोलता येत नाही त्याच्या सदऱ्याच्या आतल्या बाजूला कापडाच्या पट्टीवर फोनचा नंबर शिवून टाकावा. कागदाची चिठ्ठी खिशात ठेवू नये. मूल ती पहिल्या तासातच चघळून टाकते.